उपडं पात्र

लोहारकाम करणाऱ्या त्या धिप्पाड माणसाला गल्लीत सगळे 'दाता' म्हणत. रोज सकाळी भिक्षेला येणाऱ्या भन्तेंच्या पात्रात पहिला भात त्याचाच पडायचा. त्याच हातांचा मार घरात बायकोला पडायचा. शेजारीपाजारी ऐकायचे; पण दात्याला बोलणार कोण?

त्या सकाळी भात खाली लागला. "दानाचा भात जाळतेस?" म्हणत त्याने बायकोचे केस धरून तिला ओट्यावर आपटलं. ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून ओघळलं. सोडवायला आलेल्या म्हाताऱ्या आईलाही त्याने कोपराने भिंतीवर लोटलं. मग हात धुतले, वरचा पांढराशुभ्र भात काढून घेतला आणि हसऱ्या चेहऱ्याने दार उघडलं. वा रे पुण्यवान!

दारात भन्ते उभे होते. त्यांनी आत पाहिलं आणि हातातलं पात्र उपडं केलं.

"भन्ते, हे काय? भात घ्या ना!"

"या घरचं दान आता घेणार नाही."

"इतकी वर्षं खाल्लंत ते?"

"चुकलंच माझं. रडणं कानावर यायचं, तरी पात्र पुढे करत राहिलो."

लोहाराचं डोकं फिरलं. भातासकट भांडं फेकून त्याने भन्तेंचा गळा धरला, त्यांना चौकटीवर दाबलं आणि मूठ उगारली. भन्ते हलले नाहीत. मागे मात्र कुणीतरी कण्हलं. त्याने वळून पाहिलं. मूठ भन्तेंवर उगारलेली, आणि डोकं हातांनी झाकून घेतलं होतं बायकोने आणि आईने!

मारताना त्याने त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. त्याला स्वतःची किळस आली. गळ्यावरची पकड सुटली.

"भात देणं सोपं असतं," भन्ते धापा टाकत म्हणाले. "समोरच्याची भीती घालवणं, हे अभयदान. ते घरात दिलं नाहीस, तर बाहेरचं सगळं फुकट."

"काय देऊ तुला?" त्याने बायकोला विचारलं.

"दारातून बाजूला व्हा," ती म्हणाली. "मी ताईकडे चाललेय. आईंनाही नेतेय. मागे येऊ नका."

'परत कधी येशील?' हे तोंडावर आलेलं त्याने गिळलं. परतीची अट घातली, तर ते दान कसलं! तो बाजूला झाला. सासूचा हात धरून सून बाहेर पडली, आणि तो जागचा हलला नाही.

मंडळी, ज्याची चाहूल लागताच घरच्यांच्या काळजात धस्स होतं, त्याने जगाला कितीही दान दिलं तरी तो दाता नव्हे. आधी आपल्या माणसांना निर्भय करा!