अहोभाऊंची माणसं

"अगं, बघ तरी एकदा. उभं राहिलंय."

अहोभाऊ दारातून हाक मारत होते आणि वहिनी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाहेर, उंबऱ्यापासून दोन सऱ्या सोडून, त्यांनी ज्वारीत नुकतेच रोवलेले बुजगावणे वाऱ्यावर डुलत होते. काठ्यांची फुली, पेंढा कोंबलेला जुना सदरा, डोक्याच्या जागी पालथे मडके. त्याच्याच बाहीवर बसून एक साळुंकी निवांत पिसे साफ करत होती.

"भाऊ, त्या पाखराला तरी आधी घाबरवा," मी बांधावरून म्हटले. माझे रान त्यांच्या रानाला लागून.

"नवीन आहे अजून," अहोभाऊ म्हणाले. "शिकेल."

त्या रानाला बुजगावणे कधी लागलेच नव्हते, कारण तिथे वहिनी होती. तिच्या आवाजाला धार होती आणि पल्लाही होता. बांधावर उभी राहून तिने "अहो" म्हटले, की कणसांवर टेकलेला थवा उठून माझ्या रानात यायचा आणि तिचा नवरा विहिरीवरून निघून तिच्यापुढे हजर व्हायचा. नवऱ्याला तिने जन्मात एकेरी हाक मारली नाही. जे काही सुनावायचे, ते सारे आदरार्थी बहुवचनात. "अहो, तुम्हाला हात दिलेत की लाकडं?" "अहो, बैलाला जे कळतं ते तुम्हाला कधी कळायचं?" ऐकून ऐकून गावाने त्यांचे खरे नाव टाकून दिले. लहानमोठे सगळे त्यांना अहोभाऊच म्हणत, आणि तेही त्याला ओ देत.

मग तिच्या कण्यात गाठ निघाली. आधी पायांना मुंग्या आल्या, पुढे पाय परक्याचे झाले, मग कंबर, मग हात. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला, खाली ठेवला आणि म्हणाले, "घरी न्या. मागतील ते खायला द्या." डॉक्टर हे कोणत्या वेळी म्हणतात, ते वहिनीला पक्के ठाऊक होते. ती घरी आली आणि तिने काहीच मागितले नाही. काही दिवसांनी बोलणेही सोडले. अहोभाऊ तिला कुशीवर वळवत, पाठ पुसत, चमच्याने दूध पाजत. पडीक जमीन जशी कुणालाही आपल्यावरून चालू देते, तशी ती सगळे करू देई. न उपसलेल्या विहिरीत पाणी साठावे, तशी त्या घरात शांतता साठत गेली. हिरवट, जड, वर पाने तरंगणारी.

इकडे पाखरांना बातमी लागलेली होती. आवाज बंद झाला म्हणताच ती थव्यांनी उतरली. म्हणून ते बुजगावणे.

त्याच दुपारी पाठ पुसताना अहोभाऊंनी तिला दाराकडे वळवले आणि पाणी बदलायला आत गेले. परत आले तेव्हा ती बाहेर बघत होती.

"अहो."

भाऊंच्या हातून तांब्या पडला. मी धावत गेलो, म्हटले बरेवाईट झाले.

"ते काय आहे?" वहिनी विचारत होती. आवाज बारीक झाला होता, पण पाते तेच. "तो माणूस आहे की वाळत घातलेला सदरा?"

"बुजगावणं..."

"खांदे असे असतात? माणूस काय तराजू आहे? आणि डोक्याचं मडकं तरी धुऊन घ्यायचं. पाखरांना काय वाटेल?"

त्या संध्याकाळी तिने पूर्ण पेला दूध घेतले आणि ते पातळ असल्याची तक्रारही केली.

दुसऱ्या दिवशी अहोभाऊंनी खांदे उतरते केले. वहिनी म्हणाली, मान कुठे आहे? मान केली. म्हणाली, मान आहे पण तिच्यात जीव नाही, फाशी दिल्यासारखी लोंबतेय. मडके गेले, गोणपाटाचे डोके आले, त्यावर कोळशाचे डोळे आले. रोज सकाळी ते खाट दाराकडे फिरवत आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखे बाजूला उभे राहत. आयुष्यभर ज्या हातांनी फक्त सांगितलेले केले, त्या हातांना आता सांगितल्याच्या पलीकडचे काहीतरी दिसू लागले होते. पेंढा कुठे दाबला की पोक येते, कुठे सैल सोडला की माणूस दमलेला वाटतो, हे त्यांच्या बोटांना कळू लागले. एका बुजगावण्याची तीन झाली. तिसरे थेट आमच्या शिंप्यासारखे दिसत होते: एक खांदा वर, मान पुढे, जणू सुईत दोरा ओवतोय.

शिंपी आला. बराच वेळ त्याच्याभोवती फिरला.

"हा मी आहे काय?"

"छे हो," भाऊ म्हणाले. "बुजगावणं आहे."

"मग माझ्यासारखं वाकून का उभं आहे?"

"वाऱ्यानं वाकलं असेल."

"आणि ही बाही बघा, उसवलीय. लोक म्हणतील शिंपी स्वतः फाटका हिंडतो. माझं नाव जाईल अशानं." असे म्हणून त्याने खिशातून सुईदोरा काढला आणि भर उन्हात उभे राहून स्वतःच्याच बुजगावण्याची बाही शिवली.

आतून आवाज आला, "अहो, शिंप्याचं पोट कुठं गेलं? उपाशी ठेवलंत की काय त्याला?"

"वहिनी बऱ्या झालेल्या दिसतात," शिंपी दुखावून म्हणाला.

त्यानंतर गाव येऊ लागले. वहिनी अंथरुणाला खिळल्यापासून ज्यांना त्या वाटेने यायला सवड झाली नव्हती, ते सगळे आले. आजारी माणसाला भेटायला जाताना पाय जड होतात. स्वतःला भेटायला जाताना ते भलतेच हलके असतात. येत, आपण उभे आहोत का ते रानात बघत, आणि मग उंबऱ्याशी टेकून, आलोच आहोत तर, वहिनीची चौकशी करत. वहिनी प्रत्येकाला त्याच्या पुतळ्यातली खोट सांगे आणि बोलता बोलता त्याच्यातलीही सांगून टाके. माणसे रागावून जात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. अहोभाऊंच्या चालीत कधी नव्हे तो ताठा आला होता. बांधावर भेटले की हवापाण्याचे न बोलता मला म्हणत, "कोपर अवघड असतं हो. माणूस खोटं बोलतो ते कोपरात दिसतं."

मग त्यांनी दूधवाला केला.

तो त्यांनी कुणालाही न दाखवता, गोठ्यामागे केला. सकाळी रानात बघतो तर दूधवाला उभा: हातात किटली, अंग एका बाजूला कललेले, आणि दुधात पाणी नाही असे सांगताना तो मान जशी तिरकी करतो तशीच तिरकी मान. खऱ्या दूधवाल्याचा कुत्रा पळत गेला आणि त्या पेंढ्यापुढे शेपूट हलवू लागला. मला हसू आले आणि लगेच थोडी भीतीही वाटली.

अहोभाऊंनी खाट फिरवली. वहिनी पुष्कळ वेळ बघत राहिली. डोळे किटलीपासून मानेपर्यंत गेले, मानेपासून पायांपर्यंत आले, पुन्हा वर गेले. खिळा शोधणारा हात भिंतीवरून फिरावा तसे.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मला भिंतीकडं वळवा."

त्या दिवशी तिने दुधाला तोंड लावले नाही. दुसऱ्याही दिवशी नाही.

"आवडलं तर बोलत का नाही ती?" भाऊ आमच्या ओट्यावर बसून विचारत होते. "इतकं चांगलं मी आयुष्यात काही केलं नव्हतं."

आमची ही सुपात धान्य निवडत होती. वर न बघता म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तिचं काम काढून घेतलंत. पाय गेले, हात गेले. तुमच्या चुका काढायचं तेवढं राहिलं होतं तिच्याकडं. तेही संपवलंत."

अहोभाऊ उठले. मी त्यांना रानात दूधवाल्यासमोर उभे राहिलेले पाहिले. स्वतःच्या हाताने उभे केलेले पीक स्वतःच उपटायला निघालेल्या माणसासारखे ते तिथे घुटमळत होते. मग त्यांनी सुतळी सोडली, किटलीचा हात खांद्यातून उपसला आणि तळवा पाठीमागे येईल असा उलटा बांधला.

सकाळी मी आणि आमची ही मुद्दाम गेलो. खाट फिरली.

"अहो," वहिनी म्हणाली, आणि भाऊंचा चेहरा उजळला. "काल हा हात सरळ होता."

"वाऱ्यानं..."

"वाऱ्यानं गाठ सुटते. उलटी बांधली जात नाही." तिचा श्वास अडखळत होता, तरी ती थांबली नाही. "मुद्दाम केलंत. पोर रडतंय म्हणून खुळखुळा हलवलात. अहो, चुका करायला तुम्हाला जन्मभर कधी कष्ट पडले नाहीत, आणि आता माझी दया येऊन करताय?"

"तू बोलावंस म्हणून गं..."

"मेलेल्या माणसाचं वाईट बोलत नाहीत, तसे तुम्ही सगळे माझ्याशी गोड बोलताय. तुम्ही दूध पाजता, ही केस विंचरते. भांडायला एकजण नाही घरात." आमची ही खाली बघू लागली. "दार लावा ते. पुन्हा मला काही दाखवू नका."

दार लागले. आता ती डोळेही उघडेना. चमचा ओठांशी नेला की दूध कडेने ओघळे. अहोभाऊ ते पुसत आणि पुन्हा चमचा भरत. पाखरे शिंप्याच्या खांद्यावर बसून दाणे फोडत होती, दूधवाल्याच्या उलट्या हातावर शिटत होती. कणसे भरत आली होती, पण ती कुणासाठी भरताहेत हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

एका सकाळी भाऊ बांधावर आले. बोटे कोळशाने काळी.

"एक माणूस जमत नाही मला," ते म्हणाले.

"कोण?"

"घरातलं."

त्यांनी मला गोठ्यामागे नेले. तिथे गोणपाटाच्या डोक्यांचा ढीग पडला होता. प्रत्येकावर एक बाई काढायला घेऊन मध्येच सोडलेली. एकाला नुसती भुवई, एकाला नुसती हनुवटी. एकही वहिनी नव्हती.

"सगळं गाव जमलं," ते म्हणाले. "हिचा आवाज डोळे मिटून ओळखेन. पण तोंड? बोलणी खाताना माणूस जमिनीकडं बघतो हो. हिच्या पायांची बोटं मला पाठ आहेत. तोंडाकडं मी कधी बघितलंच नाही."

मी सांत्वनाचे काहीतरी शोधत होतो, तोवर ते कोळसा आणि कोरे गोणपाट घेऊन घराकडे निघालेही होते. मी आमच्या हिला हाक मारली आणि आम्ही मागोमाग गेलो. त्यांनी दार सताड उघडले. खाट ओढून उजेडात आणली, आणि खाटेचे पाय जमिनीवर घासून कर्कश आवाज झाला, तरी त्यांनी तिला लागले का असे विचारले नाही. रोज तिच्याकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत जे ओले, विनवणारे काहीतरी असे, ते त्या दिवशी नव्हते. कापणीआधी आभाळाकडे बघणाऱ्या माणसाची नजर होती ती.

"अगं, इकडं बघ."

बऱ्याच वेळाने डोळे उघडले. "कशाला?"

"तोंड जमत नाही तुझं."

"माझं?" वहिनीने गोणपाट पाहिले. "माझं बुजगावणं करताय? मी जिवंत असताना?"

"नंतर कसं करू? नंतर बघून करता येणार नाही."

आमच्या हिने पदर तोंडाला लावला. मी भिंतीचा पोपडा निरखू लागलो. असले काही त्या घरात आजवर कुणी उच्चारले नव्हते. आम्ही तर ते मनातल्या मनातही आडून आडूनच म्हणत होतो. वहिनी मात्र नवऱ्याकडे टक लावून बघत राहिली. चिखलात सापडलेले नाणे अंगठ्याने घासून बघावे, तसे ते वाक्य ती घासून बघत असावी.

"करा," ती म्हणाली.

कोळसा गोणपाटावर खरखरू लागला. अहोभाऊ मान वर करत, बघत, खाली घालत. मध्येच उठून तिच्या गालाजवळ तोंड नेत आणि काही न बोलता परत बसत. उजेडात धूळ तरंगत होती. बाहेर कणसांवर एक मोठा थवा उतरला, तो उठवायला कुणी गेले नाही. तेवढ्यात एक माशी वहिनीच्या कपाळावर बसली आणि तिने डोके किंचित झटकले.

"हलू नकोस!" अहोभाऊ खेकसले.

आमच्या हिने जीभ चावली. आपण काय बोललो याचा भाऊंना पत्ताही नव्हता. ते हनुवटीची रेघ ओढत होते.

आधी मला वाटले वहिनीला ठसका लागला. मग कळले, ती हसत होती.

"अहो..." तिला शब्द फुटेना. "अहो, कुणाला सांगताय? खाट पेटली तरी हलायची नाही मी, आणि मला म्हणताय..." हसता हसता डोळ्यांतून पाणी निघाले आणि कानांकडे ओघळू लागले. ते पुसायला तिचे हात उठणार नव्हते. आमची ही पदर घेऊन पुढे झाली.

"मध्ये येऊ नका," भाऊ तिला म्हणाले. मग बायकोकडे वळून, कपाळाला आठी घालून, "आणि तू हसू नकोस. तोंडाची रेघ बिघडते."

तिला असे कुणी बोललेले या गावाने ऐकले नव्हते. वहिनीने नवऱ्याकडे पाहिले, कोळशाकडे पाहिले, गोणपाटावरच्या अर्ध्या चेहऱ्याकडे पाहिले. नाक चुकत होते, ते मलासुद्धा दिसत होते. तिच्या ओठांशी शब्द आला होता, तोही दिसत होता.

तिने ओठ मिटून घेतले. फक्त डावी भुवई जराशी वर गेली.

अहोभाऊंनी नाकाची रेघ पुसली आणि डावीकडे घेतली.