डावी दांडी

"चेक-बिक राहू दे आता!" धवल दात आवळून म्हणाला. "पाहुणे आलेत. त्यांच्यासमोर ड्रोनच्या मोटारी खोकायला नकोत."

"दोनच मिनिटं लागतात, सर."

"अकरा वर्षं दोनच मिनिटं मागतोयस तू, प्रबोध. उडव!"

परदेशातल्या त्या तुआस बंदराच्या धक्क्यावर ऊन नुसतं भाजून काढत होतं. प्रबोधच्या गळ्यात पट्ट्याने रिमोट लटकत होता. ड्रोन आपलं आपणच उडायचं, बोटीवर पार्सल टाकून परत यायचं. प्रबोधने फक्त बघत उभं राहायचं, आणि ते बिथरलंच तर बटण दाबून आपल्या हातात घ्यायचं. काहीच घडलं नाही तर त्याचं काम चोख. असल्या माणसाचं कौतुक कोण करतंय? दर उड्डाणाआधी बटण तपासायचं आणि रिमोटवरची डावी दांडी, मोटारींचा जोर ठरवणारी, मधोमध आणून ठेवायची, हा त्याचा नेम. दांडी तळाला असताना बटण दाबलं की मोटारींचा जीवच जातो. खेळ खलास.

आज नेम चुकला. पुढच्या महिन्यात त्याचा इथे राहून काम करायचा पास रिन्यू व्हायचा होता आणि कागदावर सही धवलची लागणार होती. प्रबोधने ड्रोन तसंच उडवलं.

ड्रोन गेलं, वळलं. येताना वाऱ्याने असा हिसका दिला की ते तिरकं होऊन धक्क्यावर डबे उघडून बसलेल्या दोन कामगारांकडेच सुटलं.

"दाबू नको! येईल ते वळणावर!" धवल किंचाळला.

प्रबोधने दाबलं.

ड्रोन धोंड्यासारखं कोसळलं, कामगारांपासून चार हातांवर. पात्याचा तुकडा एकाच्या भातात रुतला. तो उठला आणि प्रबोधकडे बघून पचकन थुंकला.

पाहुणे गेल्यावर ऑफिसच्या कंटेनरमध्ये धवलने टॅब्लेट त्याच्यापुढे आदळला. "लिही. पायलटने घाबरून बटण दाबलं. पासचं मी बघतो."

"आणि चेक?"

"झालाय की! यादीत टिक आहे, डोळे फुटलेत का?"

टिक होती. धवलनेच केलेली, आत्ता.

प्रबोधने सावकाश चार ओळी टाइप केल्या. बटण दाबलं ते बरोबर. दांडी तळाला होती, ती चूक माझी. चेक झाला नाही. धवल सर नको म्हणाले आणि मी ऐकलं.

धवलने वाचलं आणि फिस्सकन हसला. "वा रे हुतात्मा! जा मग परत घरी नागपूरला, पतंग उडव."

"पतंगालाही ढील सांभाळून द्यावी लागते, सर. तुमच्यानं तोही कटेल."

"चल, नीघ!"

प्रबोधने गळ्यातून पट्टा काढला. उन्हाने रापलेल्या मानेवर पट्ट्याएवढी गोरी रेघ तेवढी उरली होती. रिमोट त्याने पेटीत ठेवला. झाकण लावता लावता थांबला. अंगठ्याने डावी दांडी मधोमध आणली.

मग झाकण लावलं.