बाबांच्या बोटीचा ठोका

ड्युल्सी पार्डीला चालता येत नव्हतं, म्हणून तिच्या हृदयाला औषधानं पळवायचं ठरलं. गुडघा बदलायचा होता, पण हृदयाला ते झेपेल की नाही हे पाहिल्याशिवाय कुणी सुरी हातात घ्यायला तयार नव्हतं. आणि गुडघा तसाच राहिला तर बोटींच्या धक्क्यावरून घराकडे जाणारी चढण तिला पुढच्या हिवाळ्यात चढता आली नसती. मग दूर अल्बर्टा प्रांतात, मुलीकडे राहायला जावं लागलं असतं. मुलगी गुणी होती, पण तिथे समुद्र नव्हता.

"तपासणीआधी चहा चालत नाही; कालपासून नाही ना घेतलास, ड्युल्सीमावशी?" बर्नडेटनं विचारलं. तपासणीच्या यंत्रावर बसणारी ही पोर खाडीकडची. तिकडे म्हाताऱ्या बायका साऱ्यांच्याच मावश्या.

"नाही गं बाई. शेजारीण किटलीच उचलून घेऊन गेली, तेव्हा कुठे जमलं."

डाव्या कुशीवर निजवून, छातीला गार जेली लावून, बर्नडेटनं हृदयाचं चित्र घेणारी यंत्राची मूठ बरगड्यांच्या फटीत दाबून धरली. हातातल्या नळीतून औषध सुरू झालं. दर थोड्या वेळानं डॉक्टर मर्सर त्याची धार वाढवत. जागच्या जागी पडून ड्युल्सीला धापा लागल्या. गंमतच होती, पाय स्वस्थ आणि छाती डोंगर चढतेय.

"आवाज मोठा कर ना जरा," ती म्हणाली.

यंत्रातून ठोके घुमू लागले. धप धप धप धप... आणि मग एक रिकामी जागा. त्यानंतरचा ठोका दणकन आला.

डॉक्टर पडद्याकडे वाकले. "छातीत दुखतंय? चक्कर?"

काहीही विचारलं तरी 'नाही' म्हणायचं, असं ती घरून ठरवूनच आली होती. पण आता खरंच दुखत नव्हतं, आणि तिचं लक्ष भलतीकडेच होतं. पुन्हा ती रिकामी जागा. पुन्हा तो दणका.

हा आवाज तिला ठाऊक होता.

तिच्या लहानपणी गावातल्या प्रत्येक बोटीच्या इंजिनाचा ठोका वेगळा होता. धुक्यात काही दिसायचं नाही, तेव्हा बाया खिडकी उघडून कान द्यायच्या. बाबांचं इंजिन मधूनच एक ठोका गाळायचं आणि पुढचा जोरात मारायचं. बाबांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. सफाईदार ठोका ऐकू आला की आई म्हणायची, "आपला नाही." आणि ती खोट ऐकू आली की तिचे खांदे सैल व्हायचे. "चुलीवर किटली ठेव, ड्युल्सी."

"दुखत नाही," ती म्हणाली. "पण ते ठोका का गाळतंय?"

"गाळत नाहीये," डॉक्टर पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "एक ठोका घाई करून वेळेआधी येतो. तो इतका हलका असतो की जाणवत नाही. मग हृदय क्षणभर थांबून भरून घेतं, म्हणून पुढचा जोरात."

"अगदी आमच्या ह्यांच्यासारखं! जेवायच्या आधीच टेबलावर येऊन बसायचे, आणि मग माझीच वाट बघत."

बर्नडेट खुदकन हसली. "मावशी, हलू नकोस, चित्र जातं माझं."

"डॉक्टर, एवढ्यासाठी बंद नका हं करू."

"बंद करायचं की नाही ते मी ठरवीन. असे ठोके ओळीनं यायला लागले तर लगेच करीन."

ते ओळीनं आले नाहीत. एकेकटेच येत राहिले. औषधाची धार शेवटच्या टप्प्याला गेली. ड्युल्सीनं गादीची कड घट्ट धरली आणि कान टवकारले. मग डॉक्टरांनी औषध थांबवलं. बर्नडेटनं टिपलेली हृदयाची चित्रं ते पुन्हापुन्हा बघत राहिले.

"भिंती सगळीकडून नीट आवळताहेत. रक्त पोचतंय," अखेर ते म्हणाले. "एकेकटे ठोके या औषधानं पुष्कळांना येतात."

"म्हणजे गुडघा?"

"माझ्याकडून होकार."

तिनं डोळे मिटले. चढण, घर, खिडकी, सगळं जागच्या जागी राहिलं. ठोके संथ होत गेले, एकसारखे, सफाईदार. आता कुणाच्याही बोटीचे असावेत तसे. बर्नडेट मूठ काढायला लागली, तसं ड्युल्सीनं तिचं मनगट धरलं.

"थांब गं. जरा ऐकू दे."

धप, धप, धप. बराच वेळ. मग एक रिकामी जागा, आणि दणका.

"किटली ठेव," ड्युल्सी हळूच म्हणाली.

"ठेवते की," बर्नडेट जेली पुसत म्हणाली. "आता चालेल तुला. दूध टिनच्या डब्यातलंच ना?"