एका सामन्याचे तीस डॉलर

पामर्स्टन नॉर्थमध्ये हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. कॉलेजच्या फुटबॉल सामन्याचे रेफरीला तीस डॉलर मिळत. सामना संपला की यजमान संघाचा कोच ते हातावर ठेवी. अर्ध्यात थांबला तर निम्मेच. शिरीषला हा नियम तोंडपाठ होता. मिरजेत वर्षानुवर्षं डॉक्टरकी केलेल्या या माणसाला या परक्या देशाने हौसेने बोलावून घेतलं, आणि इथली परीक्षा पास होईपर्यंत स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायचीही बंदी केली. परीक्षेत तो दोनदा आपटला होता. घर चालायचं दमयंतीच्या, त्याच्या बायकोच्या, नर्सच्या पगारावर. त्या तिसांवाचून आपलं काही अडत नाही, असं ती म्हणायची. ते खरं होतं, म्हणूनच त्याला झोंबायचं. या देशात त्याची स्वतःची कमाई तेवढीच होती.

त्या शनिवारी फ्लूमुळे यजमान संघात कशाबशा सात मुली उरल्या होत्या. सातांतली एक कमी झाली की नियमाने सामना बंद. उत्तरार्धात दोघींची डोकी आपटली आणि गोलकीपर केटी खाली पडली. उठली ती चुकीच्या गोलकडे चालू लागली. शिरीषने तिला थांबवून आज वार कोणता ते विचारलं. ती नुसतीच हसली, मग वाकून ओकली. मेंदूला मार बसल्याची ही लक्षणं त्याने मिरजेत कितीदा तरी पाहिली होती.

बाहेरून यजमान संघाचा कोच ग्रॅहम म्हणाला, ती स्वीट अ‍ॅज आहे, म्हणजे एकदम ठीक, खेळू दे. मोसमाच्या सुरुवातीला शिरीषने असाच एक सामना थांबवला होता. तो कोच भडकला, आणि नंतर कितीतरी शनिवार शिरीषला कुणी बोलावलंच नाही. दमयंतीसमोर रिकाम्या हाताने बसायचे ते शनिवार त्याच्या डोळ्यांपुढे आले. थोडाच तर वेळ उरलाय, असं स्वतःला बजावून त्याने शिट्टी फुंकली आणि खेळ सुरू केला.

सामना संपला. ग्रॅहमने तीस डॉलर दिले. ते खिशात जातात न जातात तोच गोलच्या खांबाशी बसलेली केटी आडवी झाली. शिरीष जिवाच्या आकांताने धावला, पण ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. मंगळवारी ती गेली.

अंत्यविधीनंतर चर्चबाहेर थंडीत ग्रॅहमने शिरीषला गाठलं. रडून त्याचे डोळे सुजले होते. त्याने शिरीषच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू मनाला लावून घेऊ नकोस. चूक माझी. तू काही डॉक्टर नाहीस, तुला कसं कळणार होतं?"

शिरीषला लाज वाटली, आणि तिच्याहून मोठी भीती: आपण डॉक्टर आहोत हे कळलं तर इथली डॉक्टरकी कायमची गेली.

"खरंय," तो म्हणाला. "मला कसं कळणार?"