'रन'ची अडुसष्ट कार्डं

तीन दिवसांची रजा म्हणून दादा गेला तो आठ दिवस झाले तरी उगवला नाही. फोन बंद. संपादकबाई माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "तुमच्या भावाचा 'रन' छापखान्यात जायचाय की नाही?" जसं काही मीच त्याला पळवून लावलं होतं! मग त्यांनी त्याचा ड्रॉवर उचलून माझ्याच टेबलावर आदळला.

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत आम्ही दोघं सख्खी भावंडं. तो अर्थ लावतो, मी त्याच्या चुका काढते. घरीही तेच चालतं. 'रन' हा इंग्रजी शब्द चार वर्षं त्याच्या मानेवर बसलाय. दिसायला एवढुस्सा, पण माणूस धावला की रन, नळ वाहिला की रन, दुकान चालवलं, कपड्याचा रंग गेला, निवडणुकीला उभं राहिलं, सगळ्याला रनच. दुसरे शब्द त्या लोकांना महाग पडले होते की काय, देव जाणे. दादाने अडुसष्ट अर्थ काढले होते. एका अर्थाला एक कार्ड.

कार्डाचा नियम आमच्याकडे फार कडक. उदाहरणाचं वाक्य मनाने रचायचं नाही. आपल्या भाषेत कोणाच्या तरी तोंडून खरंच ऐकलेलं हवं, आणि खाली कोण बोललं, कुठे, कोणत्या तारखेला ते लिहायचं. मी एकदा एक वाक्य बसल्या जागी रचलं होतं, तर दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. असा तो हरिश्चंद्राचा अवतार.

दुपारी जेवण उरकून मी कार्डं काढली. 'नळ कोणी उघडा टाकलाय?' शेजारीण, जिन्यात. 'हा रंग पहिल्याच धुण्यात जाणार.' शिंपी, दुकानात. वाचताना हसू येत होतं, कारण शेजारीणबाईंचा आवाज कार्डातूनसुद्धा कर्कश वाटत होता. मग तेविसावं कार्ड आलं. अर्थ : नाक गळणे. वाक्य : 'चिडकीचं नाक थंडीत अजून गळतं का रे?'

चिडकी म्हणजे मी. हे नाव जगात तिघांनाच माहीत. आई, दादा आणि बाबा. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. खाली दादाच्या टपोऱ्या अक्षरात होतं : वडील, त्यांच्या खोलीवर. आणि तारीख गेल्या हिवाळ्यातली.

मी नऊ वर्षांची असताना बाबा घरातून निघून गेले. आई रोज संध्याकाळी दार उघडं ठेवून बसायची. मी एकोणीस वर्षांची झाले तेव्हा दादा कुठूनसा परत आला आणि म्हणाला, "बाबा गेले. मी सगळं उरकून आलो." त्या दिवशी आईने दार लावलं. मी रडून रडून आजारी पडले होते. ते सगळं काय होतं मग?

मी उरलेली कार्डं टेबलावर उलटीपालटी केली. बाबा सात ठिकाणी होते, सात! 'रस्त्यात अचानक समोर आली तर ओळखेल का मला?' वडील, त्यांच्या खोलीवर. 'घड्याळाचं दुकान मी एकट्यानेच चालवलं.' वडील, त्यांच्या खोलीवर. शेवटचं कार्ड नऊ दिवसांपूर्वीचं. अर्थ : संपत येणे. 'माझे दिवस संपत आलेत, पोरा.' वडील, सरकारी दवाखाना, तिसरा मजला, खाट सतरा.

संपादकबाई काहीतरी विचारत होत्या. मी पर्स उचलली आणि उत्तर न देता बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की चष्मा टेबलावरच राहिलाय. माणूस आजवर जिवंत होता, आणि आता मी पोचेपर्यंत राहील की नाही, एवढंच डोक्यात घणघणत होतं.

तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशीच दादा भेटला. दाढी वाढलेली, हातात औषधांची पिशवी. मला पाहून पांढराफटक पडला. "तुला कोणी सांगितलं?"

"तूच! तुझ्या कार्डांनी."

"ती बदलायची होती गं," तो भिंतीला टेकला. "पण खोटं वाक्य लिहायला हात धजेना."

"लिहायला हात धजत नाही, आणि बोलायला जीभ बरी चालते! तीस वर्षं, दादा? अरे, तीस वर्षं!"

"त्यांनी दुसरा संसार मांडला होता. आईला ते कसं सांगणार होतो? मेले म्हटल्यावर निदान ती झोपायला लागली."

"आणि मी? आई गेल्यावर तरी?"

त्याला तिथेच उभा सोडून मी आत गेले.

सतराव्या खाटेवर चादरीखाली माणूस आहे की नाही असं वाटावं, इतकेसे बाबा होते. नाकात नळी. पण भुवया त्याच, माझ्यासारख्या, मध्ये जुळलेल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी डोळे उघडले. माझ्या भुवयांकडे बघत राहिले.

"आलीस?" आवाज श्वासाएवढाच. "दादा म्हणायचा, तू नावही काढू देत नाहीस. दर वेळी निरोप द्यायचो. म्हणायचा, नाही म्हणते."

म्हणजे याने मला बाबा मेल्याचं सांगितलं आणि बाबांना माझी माया मेल्याचं! मी दाराकडे वळून पाहिलं. दादा उंबऱ्यावर उभा होता, मान खाली, पिशवी तशीच हातात. आत यायची हिंमत त्याला नव्हती.

"मला एकही निरोप मिळाला नाही, बाबा. तुम्ही आहात हेच आज दुपारी कळलं."

बाबांनीही दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "त्याला ओरडू नकोस."

"ओरडणार. पण आधी तुम्हाला."

त्यांनी खाटेशेजारच्या स्टुलाकडे बोट केलं. "मग बस. वेळ लागेल."

मी बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि नवव्या वर्षापासून सुरुवात केली. शाळेच्या फाटकाशी कशी वाट पाहिली, बूट लहान झाले तेव्हा कोणाला सांगायचं कळेना, दहाव्या वाढदिवसाला आईने दार कसं जास्तच उघडं ठेवलं, सगळं. नाक गळत होतं, रुमाल नव्हता. ते ऐकत होते, मधूनच बोटं दाबत होते.

मी अकराव्या वर्षापर्यंत आले तेव्हा त्यांची बोटं दाबायची थांबली. नर्स येऊन नाडी बघून गेली, परत आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. दादा दारात मोठ्याने रडायला लागला. मी बाराव्या आणि तेराव्या वर्षाचंही सगळं सांगितलं, आणि मगच हात सोडला.