डाव्या कुशीत

तपासणाऱ्या मुलीने साईथोंगच्या डाव्या कुशीवर तिसऱ्यांदा गार जेली लावली आणि यंत्राचा दांडा बरगड्यांखाली दाबून धरला. मग तिला पालथं झोपवलं, मग उजव्या अंगावर. मुलीने पडद्याकडे पुन्हा वाकून बघितलं. जरा पडून राहा म्हणाली आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली.

सेहेचाळीस वर्षांत साईथोंगला साधं पडसंसुद्धा चार दिवस टिकलं नव्हतं. यसोथोन गावच्या बाजारात ती पहाटेपासून डुकराचं मांस विकायला उभी राही आणि दुपारपर्यंत टेकत नसे. आज ती इथे आली होती ती धाकट्या बहिणीला, लमदुअनला, किडनी द्यायची म्हणून. दोन वर्षं तिने चालढकल केली होती. कधी सणाचं गिऱ्हाईक, कधी नवऱ्याची कंबर. लमदुअनने तोंडाने कधी मागितली नव्हती, तेच जड जात होतं. गेल्या महिन्यात अखेर साईथोंग हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी देवळात बुद्धापुढे उदबत्त्या लावून तिने मनातल्या मनात मागितलं, की आता डॉक्टरांनीच नको म्हणावं. कारण कुठलंही असो.

डॉक्टरीणबाई पिचया आल्या आणि त्यांनी स्वतः बराच वेळ पाहिलं. मग तिला उठवून बसवलं आणि कागदावर चित्र काढलं. कण्याच्या दोन बाजूंना घेवड्याच्या दोन बिया. दोघींतून एकेक नळी खाली उतरलेली, लघवीच्या पिशवीत जाणारी. अंगातलं सगळं रक्त या दोघी दिवसातून कित्येकदा गाळतात, घाण आणि जादा पाणी खाली सोडतात, असं त्या सावकाश सांगत होत्या. मग त्यांनी डावी बी खोडून टाकली, नळीसकट.

"ही तुम्हाला नाहीच."

"कुणी काढली?" साईथोंगचा हात कुशीवर गेला आणि व्रण चाचपू लागला. व्रण नव्हता.

"कुणी नाही. जन्मापासूनच नाही. उजवी मोठी झाली आणि दोघींचं काम ओढत राहिली. म्हणून तुम्हाला पत्ताच लागला नाही."

साईथोंग कागदाकडे बघत राहिली. आजवर एवढी डुकरं तिने फाडली, प्रत्येकाच्या पाठीशी जोडी होती. तिला आधी सुटल्यासारखं वाटलं. आणि आपल्याला तसं वाटलं, हे कळताच तिने कागद पालथा घातला. डॉक्टरीणबाई पुढे काय काय सांगत होत्या. भरपूर पाणी प्या, दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घेऊ नका, वर्षाला तपासून घ्या. ती नुसती मान हलवत होती.

लमदुअन बाहेर बाकावर बसली होती. साईथोंगने कागद तिच्या मांडीवर ठेवला आणि जसं ऐकलं तसं सांगितलं. लमदुअन खोडलेल्या जागेवरून बोट फिरवत राहिली.

"मी देवळात मागितलं होतं," साईथोंग म्हणाली. "त्यांनी नको म्हणावं म्हणून."

लमदुअनने कागदाची घडी घातली. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"मीपण मागितलं असतं, ताई."

समोरून एक बाई चाकाची खुर्ची ढकलत गेली. दोघी ती वळेपर्यंत बघत राहिल्या.

"सकाळपासून पाणी प्यायलीस?" लमदुअनने विचारलं.

"नाही. उपाशी बोलावलं होतं."

लमदुअनने पिशवीतून आपली छोटी बाटली काढली. डायलिसिस सुरू झाल्यापासून दिवसभराचं पाणी ती त्या बाटलीत मोजून घेई, त्याहून जास्त चालत नसे. पेनाने रेघा मारलेल्या होत्या, कुठल्या वेळेला कुठवर प्यायचं त्याच्या. तिने झाकण काढून बाटली बहिणीच्या हातात दिली.

साईथोंग दुसऱ्या रेघेपर्यंत प्यायली आणि बाटली ओठांशीच धरून थांबली.

लमदुअनने बाटलीचं बूड बोटाने वर उचललं.