नुसती पानं वाढली

"भावोजी, उंदीर मेलाय का कुठे?" फाटकाची कडी लावायच्या आधीच मेहुणीने नाकाला रुमाल लावला.

"उंदीर कसला! तुझ्या ताईची आयरिसची झाडं आहेत ती."

"मग फुलं कुठायत?"

फुलं नव्हती. पानं मात्र कमरेएवढी, तकतकीत, खात्यापित्या घरच्या पोरांसारखी. भावोजी म्हणजे 'अजून-थोडं'; त्याला त्या पानांचा अभिमान होता. हे नाव त्याला हॉस्पिटलच्या खानावळीत मिळालं. सारी नोकरी त्याने तिथे पानं वाढण्यात घालवली. कुणी ताटावर हात आडवा धरला, तर हा बोटांच्या फटीतून वाढायचा आणि वर म्हणायचा, "अजून थोडं!" पथ्यावरचे रोगी त्याला पाहून झोपेचं सोंग घेत. एक डॉक्टर त्याची तक्रार करायला म्हणून आले आणि दोनदा वाढून घेऊन गेले.

बायको जाऊन वर्ष उलटलं होतं. शेवटी शेवटी तिनेही ताटावर हात आडवा धरला, आणि त्या बोटांतून मात्र त्याला काही वाढता आलं नाही. मागे राहिली ती कुंपणालगतची जांभळ्या आयरिसची रांग. ती तरी उपाशी राहू नये, एवढं त्याने पाहिलं. थंडी सरताना युरिया. उन्हाळ्यात शेणखत. पावसात पुन्हा युरिया, कारण पावसात भूक लागते. आणि ऐन थंडीत, बिचारी कुडकुडत असतील म्हणून, कंदांवर खताचं जाडजूड पांघरूण.

"ताई काय घालायची?" मेहुणीने विचारलं.

"तिचा हात आखडता. हाडांचा चुरा, तोही चिमूटभर. थंडी सरताना एकदा, फुलं संपल्यावर महिन्याने एकदा. आणि कंदापासून लांब, नावडत्या पाहुण्याला वाढावं तसं."

"फुलं यायची?"

"रग्गड यायची," तो म्हणाला, आणि त्या नुसत्या पानांकडे बघू लागला.

मेहुणी उकिडवी बसली. खत बाजूला सारून तिने एक कंद बोटाने दाबला. बोट पिकल्या केळ्यात शिरावं तसं आत गेलं.

"धन्य आहे! जन्मभर पानं वाढलीत, इथेही पानंच वाढवलीत."

तो फावडं घेऊन आला.

कंदामागून कंद निघत गेला आणि प्रत्येक कंद हातात लगदा झाला. मेहुणीने थट्टा आवरती घेतली. पार फाटकामागे, जिथे खत टाकायला त्याचा हात पोचत नव्हता, तिथे एक कंद निघाला. सुरकुतलेला, पण आल्यासारखा टणक. रांगेतला तेवढाच उरला होता.

तो त्याने मोकळ्या, उन्हाच्या जागी लावला आणि वर माती ओढू लागला.

"पाठ उघडी ठेवा त्याची. ताई तशीच ठेवायची."

"थंडीत गारठेल गं."

"गारठू दे."

ती थंडी त्याला जड गेली. खताचा डबा घेऊन तो सकाळी बागेत जायचा, उघड्या कंदाकडे बघायचा आणि डबा घेऊन परत यायचा. शेजारीण म्हणाली, "काका डब्याला फिरवून आणतात."

थंडी सरताना त्याने चुरा घातला. एक चिमूट. कंदापासून वीतभर लांब, गोलाकार. पुढे दोन पानांमधून एक दांडा वर आला. त्यावर एक फूल उमललं, जांभळं. दुसरी कळी उमललीच नाही. मेहुणीला त्याने फोन केला.

"किती आली?"

"एक."

"पुरे की," ती म्हणाली.

फूल सुकून गेलं. महिन्याने तो पुन्हा डबा घेऊन बसला. चिमूटभर चुरा कडेने पेरला, मातीत मिसळला. काम झालं होतं. पण उजवा हात सवयीने पुन्हा डब्यात गेला आणि मूठ भरूनच बाहेर आला.

त्याने डावा हात कंदावर आडवा धरला.

भरलेली मूठ थोडा वेळ त्या हातावर तशीच थांबली. मग ती डब्यात रिकामी करून त्याने झाकण लावलं. डावा हात मात्र लगेच उचलला नाही.